अवतारकथा आणि अकालपुरुष : ‘चौबीस अवतार’मधील पुनर्कथनाचा विचार

गुरू ग्रंथसाहिबात समाविष्ट झालेली नामदेवांची एकसष्ट पदे शिकविताना एक अडचण हटकून उभी राहते. माली गौडा रागातील पदात नामदेव देवकीला धन्य म्हणतात, वृंदावनाला धन्य म्हणतात आणि वेणू वाजवीत गाई राखणाऱ्या कृष्णाच्या दर्शनाने आनंदतात. भैरव रागातील पदात प्रल्हादासाठी खांब फोडून प्रकटणारा नरसिंह आहे. गोंड रागातील एका पदात मात्र हेच नामदेव पांडित्य मिरविणाऱ्या ब्राह्मणाची थट्टा करतात, आणि त्या थट्टेच्या ओघात रावणाशी वैर झाल्यामुळे पत्नी गमावून बसलेला रामचंद्रही सुटत नाही. एकाच कवीच्या या दोन सुरांचा मेळ कसा घालावयाचा, हा प्रश्न मराठी अभ्यासक बहुधा सगुण-निर्गुणाच्या परिचित सूत्राने सोडवितो. नामदेव आधी सगुणोपासक होते व उत्तरेकडे गेल्यावर निर्गुणाकडे वळले, असे सांगितले की पाठ संपतो. परंतु ही पदे ज्या परंपरेने जतन केली, त्या परंपरेने अवतारकथांचे काय केले हे पाहिल्यावाचून ते उत्तर अपुरे राहते. शीख धर्मसाहित्यात अवतारांचा निषेध आहे आणि अवतारांच्या कथाही आहेत. त्यांतील सर्वांत विस्तृत कथन दसम ग्रंथातील ‘चौबीस अवतार’ या रचनेत आढळते. प्रस्तुत लेखात प्रामुख्याने तिचाच विचार केला आहे.

निषेधाची बाजू प्रथम पाहावयास हवी. गुरू ग्रंथसाहिबाच्या आरंभीच्या मूलमंत्रात ईश्वराची जी विशेषणे येतात, त्यांत ‘अजूनी’ हे एक आहे. जो योनीत येत नाही तो. गुरू नानकांच्या ‘आसा दी वार’मध्ये निर्भय असा तो एक निराकारच, त्याच्यापुढे कित्येक राम धूळ होत, असा आशय येतो. गुरू अर्जनदेवांनी भैरव रागातील एका शबदात यापुढचे पाऊल टाकले आहे. बाकीच्या साऱ्या तिथी बाजूला ठेवून अष्टमीलाच गोविंद जन्मला असे मानणाऱ्यांना त्यांनी भ्रमात पडलेले म्हटले असून, ईश्वराला जन्म चिकटविणाऱ्या मुखाविषयी त्यांची वाणी शापवाणीइतकी कठोर होते. इतका स्पष्ट नकार वारकरी वाङ्मयात सहसा सापडत नाही.

असे असूनही याच ग्रंथात राम, हरी, गोविंद, गोपाल, माधव ही नावे पानोपानी येतात. ती दशरथपुत्राची वा देवकीनंदनाची नावे नसून निराकाराची नावे आहेत, असे सांगून हा विरोध मिटविला जातो आणि ते सर्वसाधारणपणे खरेही आहे. भाई गुरदासांनी आपल्या पहिल्या वारेत ‘वाहिगुरू’ या नामाची अक्षरे चार युगांतील वासुदेव, हरी, गोविंद व राम या नावांशी जोडून दाखविली आहेत. त्यांच्या दहाव्या वारेत ध्रुव, प्रल्हाद, बळी, अंबरीष, द्रौपदी, सुदामा यांच्या कथा येतात व त्याच ओळीत पुढे नामदेवही येतात. या वारेतील कथांचा नायक भक्त आहे, अवतार नव्हे. नरसिंहापेक्षा प्रल्हादाला आणि वामनापेक्षा बळीला महत्त्व मिळते. कथा ठेवावयाची आणि तिचे केंद्र हलवावयाचे, ही पद्धत येथे दिसू लागते. ‘चौबीस अवतार’मध्ये ती फार मोठ्या प्रमाणावर व निराळ्या हेतूने वापरली गेली आहे.

दसम ग्रंथ महाराष्ट्राला अगदीच परका नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ मध्ये नांदेड येथे देह ठेवला. तेथील तख्त सचखंड श्री हजूर अबचलनगर साहिब येथे गुरू ग्रंथसाहिबासमवेत दसम ग्रंथाचाही प्रकाश केला जातो. पाटणा साहिब येथेही ही प्रथा आहे. अमृतसरच्या अकाल तख्तावर आज ती नाही. हा भेद केवळ आचाराचा नसून त्यामागे ग्रंथाच्या कर्तृत्वाचा जुना वाद आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमृतसर येथे ‘शोधक कमिटी’ने बत्तीस हस्तलिखिते ताडून जी संहिता निश्चित केली, तिच्या मुद्रित प्रतीची १४२८ पाने होतात. या साऱ्या रचना दशम गुरूंच्याच, असे एक मत. काही त्यांच्या व बाकीच्या दरबारातील कवींच्या, असे दुसरे. धर्मपाल अष्टा यांनी १९५९ मध्ये या काव्यावर इंग्रजीत विस्तृत ग्रंथ लिहिला. रतनसिंग जग्गी यांनी १९६० नंतरच्या दशकात ग्रंथाची पौराणिक पार्श्वभूमी तपासून कर्तृत्वाविषयी शंका उपस्थित केल्या. रॉबिन राइनहार्ट यांचे २०११ मधील पुस्तक तर या वादालाच वाहिलेले आहे. कृष्णावतारात ‘स्याम’ ही कविमुद्रा वारंवार येते आणि वादाचा बराच भाग तिच्याभोवती फिरतो.

या वादात ‘चौबीस अवतार’चे वाचन मात्र मागे पडले. शीख पंथ हा वैष्णव धर्माचीच एक शाखा आहे असे ठरविणाऱ्यांना या रचनेत पुरावा दिसतो. तसे ठरू नये म्हणून झटणाऱ्यांना ती प्रक्षिप्त वाटते. दोन्ही पक्षांचे गृहीतक एकच आहे: जो अवताराची कथा सांगतो तो अवताराची उपासना करतो. हे गृहीतक संहितेवर टिकते काय, एवढा प्रश्न जरी विचारला तरी वाचनाला निराळी दिशा मिळते.

ही रचना ब्रज भाषेत व गुरुमुखी लिपीत आहे. अवतारांची संख्या चोवीस असली तरी त्यांची वाटणी अत्यंत विषम आहे. मत्स्य, कूर्म, मोहिनी, वराह, नरसिंह, वामन, परशुराम यांच्या कथा कवी भराभर उरकतो. मध्येच ब्रह्मा व रुद्र हेही अवतारांत मोजले जातात. जालंधर, अर्हंतदेव, मनू, धन्वंतरी, सूर्य, चंद्र यांना स्थान मिळते. विसावा राम ८६४ छंदांचा धनी आहे आणि एकविसावा कृष्ण २४९२ छंदांचा. बाविसावा नर म्हणजे अर्जुन. त्याची बोळवण सात छंदांत झाली आहे. बुद्ध तर तीनच छंदांत येतो आणि जातो. चोविसाव्या निष्कलंकी अवताराला पुन्हा पाचशेहून अधिक छंद लाभले आहेत. भागवताच्या पहिल्या स्कंधातील यादीशी ही यादी जुळत नाही, आणि ती जुळविण्याचा खटाटोपही फारसा फलदायी नाही. कवीचे मन कोठे रमले आणि कोठे रमले नाही, याचा तो आलेख आहे. जेथे युद्ध आहे तेथे ते रमले.

यादीपेक्षा महत्त्वाची आहे ती चौकट. रचनेच्या आरंभीच कवी सांगतो की जेव्हा जेव्हा दुष्टांचे प्राबल्य होते तेव्हा तेव्हा अवतार होतात. येथवर सारे परिचित आहे. परंतु अवतारांना पाठविणारा विष्णू नाही. पाठविणारा ‘काल’ आहे. तोच त्यांना घडवितो, तोच शेवटी त्यांना गिळतो, आणि त्याचा अंत त्यांच्यापैकी कोणालाही लागलेला नाही. दसम ग्रंथात ‘काल’ आणि ‘अकाल’ हे शब्द परस्परविरोधी नाहीत. जो काळाच्या पलीकडे आहे तोच काळ होऊन सर्वांचा संहार करतो, म्हणून दोन्ही नावे त्या एकाचीच. भाराने त्रस्त झालेल्या पृथ्वीची हाक या कालपुरुषापर्यंत जाते, तो विष्णूला बोलावतो आणि जन्म घेण्याची आज्ञा देतो. भागवताच्या दशम स्कंधात ब्रह्मदेव क्षीरसागराच्या तीरावर ज्या पुरुषाची प्रार्थना करतो तोच पुढे स्वतः अवतरतो. येथे प्रार्थना ऐकणारा एक आणि जन्म घेणारा दुसरा. कथानकात बदल जेमतेम एका आज्ञेएवढाच आहे. पण त्या एका आज्ञेमुळे अवतार हा स्वामी न राहता चाकर होतो. इतर सर्व अंश आणि कृष्ण मात्र स्वतः भगवंत, हा भागवताचा सिद्धांत त्याबरोबरच कोसळतो. मत्स्याला जी आज्ञा, तीच कृष्णालाही.

कृष्णावतार हा या रचनेचा सर्वांत विस्तीर्ण व सर्वांत गुंतागुंतीचा भाग होय. त्यात आलेले रचनास्थळ पाँवटा, यमुनेचा तीर. काळ संवत १७४५, म्हणजे १६८८. याच वर्षी पाँवट्याजवळ भंगाणी येथे पहाडी राजांशी गुरू गोविंदसिंगांची लढाई झाली. कवीने आपला हेतूही नोंदविला आहे: भागवतातील दशम स्कंधाची कथा भाषेत आणली ती अन्य कोणत्याही वासनेने नव्हे, केवळ धर्मयुद्धाच्या उत्साहासाठी. पूर्वार्धात एके ठिकाणी तो आणखी स्पष्ट होतो. आपण आरंभी गणेशाला वंदीत नाही, कृष्ण-विष्णूचे ध्यान करीत नाही, असे तो कृष्णाचीच कथा सांगताना म्हणतो. कृष्णकथेच्या गाभ्यात बसून केलेले हे विधान मराठी वाचकाला चमत्कारिक वाटल्यावाचून राहत नाही. श्रीधरांनी पंढरपुरी शके १६२४ मध्ये, म्हणजे १७०२ साली ‘हरिविजय’ पूर्ण केला. दोन ग्रंथांमध्ये पंधरा वर्षांचेही अंतर नाही, कथा एक, आधारग्रंथही बव्हंशी एक. पण श्रीधरांच्या बाबतीत कथा सांगणे हीच उपासना आहे आणि ब्रज कवीच्या बाबतीत ती शस्त्राला लावलेली धार आहे.

तथापि येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. रासमंडळाचे वर्णन वाचताना धर्मयुद्धाचा उत्साह कोठेही आठवत नाही. शरदाची रात्र, गोपींचा शृंगार, पुढे उद्धवापुढे प्रकटणारा त्यांचा विरह यांत ब्रज काव्यपरंपरेतील कसलेला कवी मनमोकळेपणे विहार करतो. कृष्णोपासनेला नकार देणाऱ्या त्याच भागात देवीची स्तुतीही आहे, आणि ती केवळ रूपक आहे असे म्हणून ती बाजूला सारणाऱ्यांचे समर्थन फारसे पटत नाही. चौकट पक्की असली तरी तिच्या आतील प्रत्येक चित्र तिच्या आज्ञेत राहते असे नाही. किंबहुना ही ओढाताण नसती तर कृष्णावतार हे एक प्रचारकाव्य ठरले असते.

चौकटीचा खरा कस लागतो तो युद्धप्रबंधात. जरासंधाच्या बाजूने लढणारा खड्गसिंह नावाचा वीर येथे अवतरतो. भागवतात तो नाही. त्याच्यापुढे यादवसेना टिकत नाही. शिव आपल्या गणांसह येतो, इंद्रादी देव येतात, आणि सारेच हतबल होतात. कृष्णही त्याला सरळ युद्धात जिंकू शकत नाही. उलट शत्रूच्या पराक्रमाची वाखाणणी तो स्वतःच करतो. अखेर अप्सरांच्या मोहाने त्याचे चित्त विचलित करून कपटाने त्याला मारावे लागते. ‘हरिविजय’च्या श्रोत्याला हे ऐकवले असते तर तो कानांवर हात ठेवता. येथे मात्र कवीची सहानुभूती कोणाकडे आहे याविषयी संशय उरत नाही. अवतार जिंकतो, पण वीर म्हणून खड्गसिंहच मोठा ठरतो. पराक्रम ही जन्माने वा देवत्वाने येणारी गोष्ट नसून निश्चयाने येणारी आहे, हे सांगण्यासाठी कवीने पुराणाच्या बाहेरचे पात्र निर्माण केले आणि त्याला शेकडो छंद दिले. या भागातील गजसिंह, अमितसिंह, अचलसिंह अशी नावे पाहून काहींना पुढील खालशाची चाहूल लागते. ती नावे राजपुती वळणाची आहेत आणि खालशाची स्थापना १६९९ ची, हे विसरता कामा नये. याच रणांगणावर ‘खान’ नावाचे योद्धेही आहेत. कवी द्वापरयुगाचे वर्णन करीत असला तरी त्याच्या डोळ्यांसमोर सतराव्या शतकातील सैन्ये उभी आहेत, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

रामावतार संवत १७५५ मध्ये, म्हणजे १६९८ साली, नैनादेवीच्या पायथ्याशी सतलजच्या तीरावर पूर्ण झाला, असे त्याच्या शेवटी सांगितले आहे. येथे छंदांची विविधता लक्षणीय असून काही छंदांत मृदंगाचे बोल शब्दांत मिसळून रणवाद्यांचा ध्वनी निर्माण केला आहे. समर्थ रामदासांनीही रामायणातून सुंदरकांड व युद्धकांड निवडून घेतली, याची येथे आठवण होते. निवडीमागील प्रेरणा जवळची आहे; परंतु रामदासांचा राम आराध्य आहे आणि या कवीचा नाही. समाप्तीच्या छंदात तो राम-रहीम, पुराण-कुराण यांची मते अनेक असली तरी आपण त्यांतील एकही मानले नाही असे सांगतो. आठशेहून अधिक छंद रामकथा गाऊन झाल्यावर हे येते.

कथेच्या उत्तरार्धात लव-कुशांच्या हातून राम व त्याचे बंधू धारातीर्थी पडतात आणि सीता आपल्या सतीत्वाच्या बळावर त्यांना जिवंत करते. पुढे अयोध्येत सख्यांच्या आग्रहावरून ती भिंतीवर रावणाचे चित्र काढते. राम संशय घेतो. ती धरणीला साद घालते. रावणाच्या चित्राचा हा कथाघटक वाल्मीकीत नाही, परंतु भारतभरच्या लोकपरंपरेत आहे, आणि मराठी स्त्रियांच्या जात्यावरील ओव्यांतही तो कैकेयीच्या निमित्ताने येतो. दरबारी ब्रज कवीने तो कोठून घेतला हे शोधणे कठीण आहे. पण संस्कृत पुराण हाच त्याचा एकमेव स्रोत नव्हता, हे उघड आहे. या प्रसंगातील राम कोणत्याही अर्थाने अंतर्यामी नाही. पत्नीचे मन ओळखू न शकलेला तो एक राजा आहे, आणि नामदेवांच्या गोंड रागातील पदात दिसलेला रामचंद्र त्याच्यापासून फार दूर नाही.

निष्कलंकीच्या कथेचा शेवट मात्र पुराणपरंपरेला सर्वस्वी अपरिचित आहे. कल्की दिग्विजय करतो, कलियुगाचा नाश करतो, आणि सर्व जिंकून झाल्यावर त्याला गर्व होतो. आपल्यावाचून दुसरा कोणी नाही असे त्याला वाटू लागते. तेव्हा कालपुरुष मीर महदीला निर्माण करून त्याच्याकडून कल्कीचा वध करवितो. मग महदीलाही गर्व होतो. त्याच्यासाठी कालपुरुषाला दुसरा वीर पाठवावा लागत नाही. एक किडा त्याच्या कानात शिरतो आणि तो मरतो. हिंदूंचा भावी उद्धारक आणि मुसलमानांचा भावी उद्धारक हे दोघेही एकाच दोषाने, एकामागून एक नाहीसे होतात. थोडक्या छंदांचा हा प्रसंग पुरवणीसारखा जोडलेला असल्याने त्याची उपेक्षा होते. वस्तुतः संपूर्ण मालिकेचे सूत्र येथे उघड झाले आहे. अवताराचे पतन त्याच्या असामर्थ्यामुळे होत नाही; सामर्थ्य दुसऱ्याचे आहे हा विसर पडल्यामुळे होते.

हेच सूत्र ‘बचित्र नाटक’च्या सहाव्या अध्यायात आत्मचरित्राच्या रूपाने आले आहे. अकालपुरुष तेथे सांगतो की पूर्वी ज्यांना ज्यांना पाठविले त्यांनी आपलीच पूजा सुरू केली. देवांनी स्वतःला परमेश्वर म्हणवून घेतले, आणि दत्त, गोरख, रामानंद यांच्यापासून इस्लामच्या प्रेषितापर्यंत प्रत्येकाने आपला स्वतंत्र पंथ काढला. म्हणून आता तो निवेदकाला पुत्र मानून पाठवीत आहे. पंथसंस्थापकांची ही परखड यादी अनेकांना खटकते. परंतु तिच्या पाठोपाठ निवेदक स्वतःविषयी जे सांगतो ते अधिक परखड आहे: आपल्याला जो परमेश्वर म्हणेल तो नरककुंडात पडेल, आपण परमपुरुषाचे दास आहोत. अवतारांना जो नियम लावला तोच येथे ‘मी’लाही लावला आहे. ‘चौबीस अवतार’ कोणी लिहिले याचा निर्णय यावरून होत नाही. पण ज्या कोणी लिहिले त्याला ‘बचित्र नाटक’मधील विचार पुरता उमगला होता, हे मान्य करावे लागते. ती रचना प्रक्षिप्त मानून वगळली तर या विचाराचे सर्वांत विस्तृत उदाहरण वगळले जाते. उलट तीत वैष्णव श्रद्धा पाहिली, तर कालपुरुषाच्या आज्ञेपासून महदीच्या कानातील किड्यापर्यंतचे काहीच वाचले नाही असे होते.

विष्णूच्या अवतारांनंतर ब्रह्मा व रुद्र यांचे उपावतार येतात. ब्रह्म्याला वेदांचा गर्व झाला म्हणून त्याला पृथ्वीवर टाकले गेले आणि सात जन्म घेऊन विष्णूच्या अवतारांचे वर्णन करण्याचे काम त्याच्यावर सोपविले गेले. या सात जन्मांत वाल्मीकी, व्यास आणि कालिदास आहेत. अवतारकथा रचणारे महाकवी हेच प्रायश्चित्त भोगणारे ठरवावेत, ही कल्पना अवतारकथाच रचणाऱ्या कवीला सुचली, हे विशेष. त्यातील उपरोध स्वतः कवीकडेही वळतो, आणि तो त्याच्या ध्यानात आला नसेल असे वाटत नाही.

रुद्राचे अवतार दोन : दत्त आणि पारसनाथ. पारसनाथाच्या कथेत मत्स्येंद्र येतो आणि दिग्विजयी राजाला, तू मन जिंकले नाहीस, असे ऐकवितो. त्यानंतर विवेक आणि अविवेक यांच्या सैन्यांचे वर्णन येते. मराठी वाचकाच्या दृष्टीने अधिक उद्बोधक आहे ते दत्ताचे प्रकरण, कारण चोवीस गुरूंची कथा त्याला भागवताच्या एकादश स्कंधावरील एकनाथांच्या टीकेमुळे पाठ असते. एकनाथांनी ती टीका १५७३ मध्ये वाराणसीत पूर्ण केली. तेथे अवधूताचा पहिला गुरू पृथ्वी. मग वायू, आकाश, जल, अग्नी. दसम ग्रंथातील दत्ताचा पहिला गुरू अकालपुरुष आहे आणि दुसरा मन. पंचमहाभूते गळाली आहेत. पुढे कोळी, बगळा, बोका, पिंजारी, मासे धरणारा, बटकी, व्यापारी असे गुरू येतात. निसर्गाच्या जागी बाजारपेठ व घरदार आले आहे. बगळा आणि बोका यांची वर्णी विशेषच, कारण एरवी हे दोघे ढोंगी भक्तीचे दाखले म्हणून येतात. येथे त्यांच्या भक्ष्यावरील एकाग्रतेकडून दत्त ध्यान शिकतो. दोन्ही याद्यांत कायम राहिलेल्या मोजक्या गुरूंपैकी एक बाण घडविणारा कारागीर आहे. भागवतात त्याच्याजवळून राजाची स्वारी जाते आणि त्याला कळत नाही. दसम ग्रंथातही सैन्य त्याच्या दारावरून वाजतगाजत जाते, आणि तो हातातल्या बाणावरची नजर उचलीत नाही.